प्लगइनची तक्रारवही कशी सांभाळावी

आधी प्रश्न थोडक्यात. एकट्याने लिहिलेलं, मुक्तस्रोत परवान्याचं एक वर्डप्रेस प्लगइन (वेबसाइट चालवणाऱ्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरला जोडायचा तुकडा) आहे. तीन वर्षांत वापरणारे काही हजारांवर गेले. तक्रारी चारी बाजूंनी येतात: गिटहबवर (कोड जिथे ठेवला आहे त्या संकेतस्थळावर), प्लगइनच्या सपोर्ट पानावर, ईमेलवर आणि चॅटवर. उघड्या इश्यूंचा, म्हणजे न मिटलेल्या तिकिटांचा, आकडा १८० झाला आहे. त्यात बग किती, नव्या सोयींच्या मागण्या किती आणि नुसत्या शंका किती, हे लेखकालाच सांगता येत नाही. टूल कोणतं घ्यावं, लेबलं कशी लावावीत, आणि हा ढीग उपसायचा कसा?

मी गेली बारा वर्षं अशी तीन प्लगइन्स सांभाळतो आहे, त्यामुळे हा १८०चा आकडा माझ्याही ओळखीचा आहे. थोडं सविस्तर लिहितो.

टूलचा विषय आधी संपवू, कारण त्यात फार ठरवण्यासारखं काही नाही. कोड जिथे आहे तिथलाच ट्रॅकर, म्हणजे तक्रारींची वही, वापरा. बगझिला १९९८पासून आहे, रेडमाइन आणि ट्रॅकही जुने, आणि या तिन्हींवर मोठमोठे प्रकल्प चालले आहेत. वर्डप्रेसचा गाभा, म्हणजे मूळ सॉफ्टवेअर, आजही ट्रॅकवर चालतो. पण एका माणसाच्या प्लगइनसाठी वेगळा सर्व्हर उभा करायचा, त्याचे अपडेट, बॅकअप आणि स्पॅम बघत बसायचं, म्हणजे आणखी एक प्लगइन पदरात घेण्यासारखं आहे. फक्त एवढं लक्षात ठेवा की कुठलाच ट्रॅकर कायमचा नसतो. नकाशांचं सॉफ्टवेअर क्यूजीआयएस २०१९मध्ये रेडमाइन सोडून गिटहबवर आलं, पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेने २०२२मध्ये आपला जुना ट्रॅकर बंद करून तेच केलं. त्यामुळे कमिटच्या (कोडमधल्या नोंदवलेल्या बदलाच्या) संदेशात नुसतं ‘१४२ नंबरचा बग दुरुस्त’ असं लिहून मोकळे होऊ नका. काय बिघडलं होतं आणि कशामुळे, हे दोन ओळींत तिथेच लिहा. पाच वर्षांनी १४२ नंबर कुठल्या पत्त्यावर होता हे शोधायची वेळ आली, तर त्या दोन ओळीच कामाला येतात.

आता मूळ मुद्दा. तुमच्या ढिगाचं दुखणं त्याचा आकार नाही. दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी एकाच रांगेत उभ्या आहेत, हे त्याचं दुखणं आहे. बगला पुरावा लागतो. अमुक केलं की तमुक होतं, आणि ते व्हायला नको, एवढं सिद्ध झालं की वाद संपला, मग उरतं ते दुरुस्तीचं काम. मागणीचं तसं नसतं. ती खरी की खोटी हा प्रश्नच नसतो. ती घ्यायची की नाही हे कोणीतरी ठरवावं लागतं, आणि ते ‘कोणीतरी’ म्हणजे तुम्ही. बगकडे निर्णयाच्या नजरेने पाहिलं की ‘बघू पुढच्या वेळी’ म्हणत लोकांचा डेटा जात राहतो. मागणीकडे पुराव्याच्या नजरेने पाहिलं की लोक तीच मागणी पुन्हा पुन्हा पटवत राहतात, आणि तुम्ही ना हो म्हणता ना नाही. माझ्याकडे तीन वर्षं उघडी पडलेली जवळपास सगळी तिकिटं या दुसऱ्या प्रकारची होती.

डेबियन या लिनक्स प्रणालीच्या ट्रॅकरने हे फार पूर्वी ओळखलं. १९९४च्या सुमाराला सुरू झालेली ती व्यवस्था आजही मुख्यतः ईमेलवर चालते. तिथे गंभीरतेच्या सात पायऱ्या आहेत. वरच्या तिनांतला बग असेल तर पॅकेजची पुढच्या आवृत्तीतली जागाच धोक्यात येते. सगळ्यात खालच्या पायरीचं नाव ‘विशलिस्ट’, म्हणजे इच्छा. वही एकच, पण तक्रार आणि इच्छा यांची गल्लत होत नाही. तुम्हालाही दोन ट्रॅकर नकोत, एका वहीत दोन खाती हवीत.

बगचं खातं

प्लगइनचा बग इतर सॉफ्टवेअरच्या बगपेक्षा वेगळा असतो, कारण प्लगइन दुसऱ्याच्या घरात राहतं. खाली गाभा, शेजारी तीस प्लगइन्स, वर थीम, आणि सगळ्यांच्या बुडाशी कुठल्यातरी होस्टिंगवरचं पीएचपी, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलं आहे ती. बिघाड यांपैकी कुठेही होऊ शकतो. वापरणाऱ्याला मात्र तो तुमच्या बटनावर दिसतो, म्हणून तो तुमच्याकडे येतो. यात त्याची काहीच चूक नाही. त्यामुळे तिकीट आलं की पहिला प्रश्न ‘हा बग आहे का’ हा नसतो, ‘हा कोणाचा आहे’ हा असतो.

ऑगस्ट २०२०मध्ये वर्डप्रेस ५.५ आलं तेव्हाचं आठवून पाहा. त्या आवृत्तीने जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीचा जेक्वेरी मायग्रेट हा जुन्या कोडला सांभाळून घेणारा तुकडा डीफॉल्ट म्हणून लोड करणं थांबवलं. ज्या प्लगइन्सनी आणि थीम्सनी जेक्वेरीच्या कालबाह्य पद्धती वापरल्या होत्या त्यांची जावास्क्रिप्ट मध्येच अडखळली. आणि एकाची अडखळली की त्याच पानावरच्या दुसऱ्यांचंही काम थांबायचं. म्हणजे मोडलेला कोड एका थीमचा, आणि बंद पडलेलं बटन भलत्याच प्लगइनचं. शेवटी वर्डप्रेसच्या मंडळींनी तो तुकडा परत आणणारं मदतीचं प्लगइन वेगळं दिलं. अशा आठवड्यात दहा तिकिटं आली तर दहा बग समजू नका. आधी सगळ्यांच्या आवृत्त्या एकाखाली एक मांडा. गाभा सगळीकडे ५.५ आणि तुमच्या प्लगइनच्या आवृत्त्या मात्र वेगवेगळ्या, असं दिसलं की अर्धं उत्तर मिळालं.

त्यासाठी आवृत्त्या तिकिटात असायला हव्यात. गिटहबवर रिपोर्टसाठी फॉर्म लावता येतो, तो लावा, पण आवरता ठेवा. मी एकदा सोळा रकान्यांचा फॉर्म केला होता. लोकांनी प्रत्येक सक्तीच्या रकान्यात एक टिंब टाकलं आणि पुढे गेले. आता पाचच प्रश्न विचारतो: काय करत होतात, काय व्हायला हवं होतं, काय झालं, प्लगइनची आवृत्ती कोणती, आणि साइट हेल्थमधली माहिती. ही शेवटची सोय वर्डप्रेस ५.२पासून, म्हणजे २०१९पासून गाभ्यातच आहे. एका बटनात पीएचपी, डेटाबेस, थीम, चालू प्लगइन्स अशी सगळी यादी कॉपी होते, ती चिकटवायची. आवृत्तीच्या रकान्याखाली मी मुद्दाम लिहिलं आहे की ‘लेटेस्ट’ लिहू नका, आकडा लिहा. जे आज लेटेस्ट आहे ते महिन्याभरात जुनं होतं, आणि तिकीट वाचेपर्यंत तो शब्द निरर्थक झालेला असतो.

मग कुठल्या प्लगइनशी संघर्ष होतो ते शोधायचं. ‘सगळी प्लगइन्स बंद करून पाहा’ हे सांगायला सोपं, पण चालू दुकानाच्या साइटवर कोण ते करेल? त्यापेक्षा हेल्थ चेक अँड ट्रबलशूटिंग या प्लगइनमधला ट्रबलशूटिंग मोड वापरायला सांगा. त्यात बाकीची प्लगइन्स फक्त तुमच्या सेशनपुरती बंद होतात, येणाऱ्या पाहुण्यांना साइट नेहमीसारखीच दिसते. आणि एकेक करून चालू करत बसू नका, निम्मी निम्मी करा. तीस प्लगइन्स असतील तर पाच फेऱ्यांत गुन्हेगार सापडतो. व्हीएस कोड या कोड लिहिण्याच्या एडिटरमध्ये एक्स्टेन्शन बायसेक्ट नावाची सोय हेच काम आपोआप करते. तुमच्या स्वतःच्या कोडसाठी गिट (बदलांची नोंद ठेवणारं साधन) यातलं बायसेक्ट आहे, हजार कमिटमधून दहाएक पायऱ्यांत बिघडवणारा कमिट हाती लागतो.

बिघाड दुसऱ्याचा निघाला, तर ‘आमचा बग नाही’ म्हणून तिकीट बंद करू नका. त्या प्लगइनच्या ट्रॅकरवर तुम्ही स्वतः रिपोर्ट लिहा. तुम्हाला कारण माहीत असतं, वापरणाऱ्याला नसतं. तिकडचा दुवा इथे द्या, ‘बाहेरचा’ असं लेबल लावा, आणि तिकडे सुटेपर्यंत इथलं तिकीट उघडं राहू द्या. पुढचे पाच जण शोधत येतील तेव्हा त्यांना उत्तर इथेच मिळेल.

आता एक प्रसंग जरा जवळून सांगतो, कारण माझी नोंद ठेवण्याची बरीचशी पद्धत त्यातून घडली. माझं एक फॉर्मचं प्लगइन आहे. एकदा तिकीट आलं: ‘फॉर्म कधी कधी सेव्ह होत नाही. लॉगमध्ये काही नाही. अर्जंट.’ मी चार वेळा भरून पाहिला, चारही वेळा सेव्ह झाला. ‘रिप्रोड्यूस होत नाही’ (म्हणजे बिघाड पुन्हा घडवून पाहता येत नाही) असं लिहून बंद केलं. दोन महिन्यांनी तसंच दुसरं, मग तिसरं. तीनही बंद केली. चौथ्या व्यक्तीने मात्र भरलेल्या फॉर्मचा स्क्रीनशॉट पाठवला. निरोप साधा होता, आणि शेवटी हात जोडल्याचा इमोजी होता.

डेटाबेसमधलं माझं टेबल मी ‘यूटीएफ८’ (अक्षरं साठवण्याचं एन्कोडिंग) असं लिहून तयार केलं होतं. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये या नावाचा जो प्रकार आहे त्यात एका अक्षराला तीनच बाइट मिळतात. देवनागरी अक्षर बरोबर तीन बाइटचं असतं, म्हणून मराठी-हिंदी मजकूर बिनतक्रार बसायचा, आणि म्हणूनच माझा संशय त्या दिशेला कधी गेला नाही. इमोजीला चार बाइट लागतात. वर्डप्रेसचा डेटाबेस कोड असं न बसणारं अक्षर दिसलं की पूर्ण नोंदच नाकारतो आणि ‘फॉल्स’ परत देतो. मी ते परत आलेलं उत्तर तपासतच नव्हतो. भरणाऱ्याला ‘धन्यवाद, आपला निरोप मिळाला’ असं दिसायचं, आणि निरोप कुठेच नसायचा. पाच महिन्यांत किती लोकांचे निरोप असे गेले असतील याचा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

दुरुस्ती म्हणजे टेबल ‘यूटीएफ८एमबी४’ या चार बाइटच्या प्रकारात बदलणं. ती पाठवली आणि दोन दिवसांत नवं तिकीट आलं: अपडेटनंतर टेबलच बदलत नाही, ‘की ७६७ बाइटपेक्षा लांब आहे’ असा एरर. २५५ अक्षरांच्या रकान्यावर इंडेक्स (लवकर शोधण्यासाठी केलेली सूची) होता. तीन बाइटच्या हिशेबाने ते ७६५ होतात, चाराच्या हिशेबाने १०२०, आणि जुन्या डेटाबेसची मर्यादा ७६७. इंडेक्स १९१ अक्षरांवर आणला तेव्हा तो बसला.

यातून मी नोंदीबद्दल तीन गोष्टी बदलल्या. पहिली, ‘रिप्रोड्यूस होत नाही’ हे बंद करण्याचं कारण म्हणून वापरणं सोडलं. अशा तिकिटांना वेगळं लेबल लावतो आणि महिन्यातून एकदा ती सगळी शेजारी शेजारी ठेवून वाचतो. ती पहिली तीन तिकिटं मी एकत्र वाचली असती तर एक साम्य दिसलं असतं: तिन्ही फॉर्म मुख्यतः मोबाइलवरून भरले जाणारे होते. दुसरी, रिपोर्ट देणाऱ्याला ‘काय भरलंत’ असं न विचारता ‘जे भरलंत ते जसंच्या तसं इथे चिकटवा’ असं सांगतो. माणूस वर्णन करताना इमोजी सांगत नाही, त्याच्या दृष्टीने तो मजकूरच नसतो. तिसरी, गंभीरता ठरवताना तक्रारींची संख्या पाहत नाही. गुपचूप डेटा जात असेल तर एक तिकीटही सगळ्यांच्या पुढे जातं. बटनाचा रंग बिघडल्याच्या पन्नास तक्रारी त्याच्या मागे थांबतात.

दुरुस्ती झाल्यावर त्या बगची टेस्ट (बग परत आला तर सांगणारा आपोआप चालणारा कोड) लिहा आणि टेस्टच्या नावात तिकिटाचा नंबर घाला. दोन वर्षांनी कोणीतरी, बहुधा तुम्ही स्वतःच, ‘ही विचित्र ओळ कशाला आहे’ म्हणून काढून टाकेल, तेव्हा ती टेस्ट ओरडेल आणि कुठे वाचायचं तेही सांगेल.

एक गोष्ट प्लगइनवाल्यांच्या हमखास नजरेतून सुटते. कमिटच्या संदेशात ‘फिक्सेस’ आणि नंबर लिहिला की तो मुख्य शाखेत मर्ज होताच, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळताच, गिटहब तिकीट बंद करतं. पण वापरणाऱ्याच्या हातात अजून काहीच गेलेलं नसतं. वर्डप्रेसच्या प्लगइन डिरेक्टरीत रीडमी या माहितीच्या फाइलमधला ‘स्टेबल टॅग’ ज्या आवृत्तीकडे बोट दाखवतो तीच लोकांना मिळते. तो तुम्ही तीन आठवड्यांनी बदलणार असाल तर ते तीन आठवडे तिकीट ‘बंद’ आणि बग चालू अशी स्थिती असते, आणि लोक रागावून तेच तिकीट नव्याने उघडतात. म्हणून बंद होणाऱ्या प्रत्येक तिकिटाला पुढच्या आवृत्तीचा माइलस्टोन (कुठल्या आवृत्तीत येणार याची गिटहबवरची खूण) लावा, आणि रिलीज झालं की त्यावर एक ओळ टाका: ‘२.४.१मध्ये आलं आहे, अपडेट करून सांगाल का?’ हे करायला दहा मिनिटं लागतात. ज्याने वेळ काढून रिपोर्ट लिहिला त्याला त्याचं काय झालं हे कळलंच पाहिजे.

मागण्यांचं खातं

मागणी बहुतेक वेळा उपायाच्या रूपात येते. ‘अमुक बटन द्या’, ‘तमुक पर्याय घाला’. त्यामागची अडचण मागणाऱ्याने मनातच सोडवलेली असते आणि आपल्याला फक्त उत्तर पाठवलेलं असतं. तुमचं काम त्याला परत अडचणीपर्यंत नेण्याचं आहे.

माझ्याकडे ‘एक्सेल एक्सपोर्ट द्या’ हे तिकीट दीड वर्ष उघडं होतं. अकरा जणांनी त्यावर अंगठे दिले होते. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या साध्या मजकुराची फाइल) एक्सपोर्ट होताच, त्यामुळे मला ती हौस वाटायची. शिवाय एक्सेलची फाइल बनवायची तर एक जाडजूड लायब्ररी बरोबर बाळगावी लागली असती. एके दिवशी मी त्यातल्या एका बाईंना विचारलं, ‘सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडतेच ना? मग नेमकं काय अडतं?’ त्यांचं उत्तर: ‘उघडते हो, पण नावांच्या जागी सगळी भलतीच चिन्हं येतात. मला दर सोमवारी चारशे नावं हाताने परत टाइप करावी लागतात.’

म्हणजे ती मागणी नव्हतीच, तो बग होता. सीएसव्ही यूटीएफ८मध्ये होती, पण फाइलच्या सुरुवातीला बीओएम नावाची तीन बाइटची खूण नव्हती. ती नसली की डबल क्लिकने उघडलेली फाइल एक्सेल जुन्या एन्कोडिंगची समजून वाचू शकतं, आणि देवनागरीचा चुराडा होतो. तीन बाइट घातले आणि तिकीट बंद झालं. दीड वर्ष दर सोमवारी एक माणूस चारशे नावं टाइप करत होता, कारण मी एक प्रश्न विचारला नव्हता. आता मागणीच्या फॉर्ममधला माझा पहिला प्रश्न हा असतो: ‘ही सोय नसल्यामुळे आज तुम्ही ते काम कसं करता?’ या एका प्रश्नाने निम्म्या मागण्यांचं खरं रूप बाहेर येतं.

उरलेल्यांपैकी बऱ्याच मागण्यांना प्लगइनच्या दुनियेत एक छान उत्तर असतं, ते म्हणजे हुक: दुसऱ्याला आपला कोड जोडता यावा म्हणून प्लगइनमध्ये ठेवलेली जागा. ‘नोंद सेव्ह झाली की आमच्या सिस्टिमला कळवा’ असं नऊ जणांनी मागितलं, आणि नऊ जणांच्या नऊ सिस्टिम. नऊ जोडण्या लिहून त्या जन्मभर सांभाळण्यापेक्षा मी सेव्ह झाल्यावर चालणारा एक अॅक्शन हुक दिला, आणि तिकिटातच दहा ओळींचा चालणारा नमुना लिहिला. प्रत्येकाने आपापलं जोडून घेतलं. गाभ्याने आपल्याला जशी जागा दिली तशी आपण पुढच्याला द्यायची. पण मागणाऱ्याला कोड येत नसेल तर नुसतं ‘हुक आहे, वापरा’ म्हणणं हे उत्तर नव्हे. नमुना असा द्या की तो कॉपी करून दुसऱ्याला दाखवता येईल.

मतं मोजावीत का? मोजावीत, पण त्यांच्या हाती निर्णय देऊ नये. एक काळ असा होता की गिटहबवर पाठिंबा द्यायचा तर ‘प्लस वन’ अशी कॉमेंट लिहावी लागे, आणि प्रत्येक कॉमेंटचा ईमेल सगळ्यांना जाई. जानेवारी २०१६मध्ये बऱ्याच मेंटेनरांनी (प्रकल्प सांभाळणाऱ्यांनी) मिळून गिटहबला खुलं पत्र लिहिलं. त्यात ही तक्रार होती आणि रिपोर्टला साचा नसल्याचीही. त्यानंतर फेब्रुवारीत टेम्प्लेट्स आले आणि मार्चमध्ये अंगठ्याच्या प्रतिक्रिया. आज आपण सहज वापरतो त्या सोयी अशा मिळाल्या आहेत. व्हीएस कोडच्या चमूने यावर नियमच केला: मागणीला ६० दिवसांत २० मतं मिळाली तर ती विचाराच्या यादीत जाते. लाखो लोक वापरत असतील तर हे जमतं. तुमच्या काही हजारांत वीस अंगठे क्वचित पडतील. शिवाय अंगठा किती लोकांना हवं ते सांगतो, किती हवं ते सांगत नाही. स्क्रीन रीडरवर (दृष्टिहीनांना पडदा वाचून दाखवणाऱ्या साधनावर) तुमचा फॉर्म वापरता येत नाही असं एकच माणूस सांगेल, आणि ते एक मत बाकीच्या वीस मतांवर भारी असायला हवं.

आणि नाही म्हणायला शिका. अर्धवट उघडं ठेवलेलं तिकीट हे कोणीच न दिलेलं आश्वासन असतं, पण वाचणारा ते आश्वासन म्हणूनच वाचतो. मी नाही म्हणताना तीन गोष्टी लिहितो: काय मागितलं ते माझ्या शब्दांत, म्हणजे मला समजलं हे त्यांना कळतं. का नाही. आणि काय बदललं तर पुन्हा विचार करेन. उदाहरणार्थ: ‘तुम्हाला फॉर्ममध्येच ऑनलाइन पैसे घ्यायचे आहेत. हे मी घेणार नाही, कारण पैशाच्या कोडची सुरक्षितता एकट्याने सांभाळणं मला शक्य नाही. यासाठी जबाबदारी घेणारा दुसरा मेंटेनर मिळाला तर पुन्हा उघडू.’ लोक नकारावर रागावतात त्यापेक्षा मौनावर जास्त रागावतात, हा माझा बारा वर्षांचा अनुभव आहे. तिकीट बंद करताना मात्र ‘इनव्हॅलिड’ हे गिटहबचं तयार लेबल लावू नका, मी ते पहिल्याच दिवशी काढून टाकतो. कोणाचीही अडचण अवैध नसते.

बाकीचं

लेबलं कमी ठेवा. मी जातीची तीन (बग, मागणी, शंका), स्थितीची तीन (माहिती हवी, पुष्टी झाली, रिप्रोड्यूस होत नाही) आणि ‘बाहेरचा’ हे एक, अशी सात वापरतो. गंभीरतेसाठी वेगळं लेबल नाही, डेटा जाणारं तिकीट पिन करतो. तीस लेबलांची मांडणी करणारे प्रकल्प मी पाहिले आहेत, तिथे लेबल लावणंच एक काम होऊन बसतं.

चार दारांचं काय? दारं बंद करू नका. सपोर्ट पानावर येणाऱ्या माणसाला गिटहब खातं उघडायला लावणं अन्यायाचं आहे, तो बेकरी चालवतो किंवा शाळेची साइट बघतो. पण वही एकच हवी. सपोर्ट पानावर, ईमेलवर किंवा चॅटवर बग कळला तर तिकीट तुम्ही लिहा, आणि त्याला तिकिटाचा दुवा द्या. चॅटवर ‘हो, बघतो’ एवढं म्हणून सोडलेली गोष्ट हरवलीच म्हणून समजा. एकाच बगची अनेक तिकिटं झाली तर मुख्य म्हणून सगळ्यात जुनं न ठेवता ज्यात पायऱ्या सगळ्यात नीट लिहिल्या आहेत ते ठेवा, आणि बाकीची त्याला जोडताना प्रत्येकाचे आभार माना.

सुरक्षेची त्रुटी मात्र या वहीत कधीच नाही. दुरुस्ती लोकांपर्यंत पोचण्याआधी ती उघड झाली तर हजारो साइट्स उघड्या पडतात. रेपोमध्ये, म्हणजे गिटहबवरच्या तुमच्या कोडच्या साठ्यात, सिक्युरिटी नावाची फाइल ठेवा आणि गिटहबची खाजगी रिपोर्टिंगची सोय चालू करा. फॉर्मच्या अगदी वर लिहा की अशी गोष्ट इथे लिहू नका. तसंच लॉग चिकटवताना लोक नकळत पासवर्ड आणि गिऱ्हाइकांचे ईमेल टाकतात. असं दिसलं की कॉमेंट नुसती एडिट करून भागत नाही, जुना मजकूर एडिटच्या इतिहासात राहतो. तिथूनही पुसा, आणि त्या व्यक्तीला पासवर्ड बदलायला सांगा.

ठरावीक दिवस हालचाल नसेल तर तिकीट आपोआप बंद करणारे बॉट मला पटत नाहीत. बग वर्षभर कोणी बोललं नाही म्हणून बरा होत नाही. माझा नियम एवढाच: मी माहिती विचारली आणि तीन आठवडे उत्तर नाही, तर बंद, आणि उत्तर आलं की लगेच परत उघडायचं. जिथे उत्तर देण्याची पाळी माझी आहे तिथे बॉटला हात लावू देत नाही.

कामाचा भार वाढला तर मदतनीस घ्या, पण हक्क टप्प्याटप्प्याने द्या. रेपो एखाद्या ऑर्गनायझेशनखाली असेल तर गिटहबवर ‘ट्रायाज’ नावाची भूमिका देता येते. तो माणूस लेबलं लावू शकतो, तिकिटं बंद-उघड करू शकतो, कोडला हात लावू शकत नाही. एक्सझेड या फाइल आकसून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचं प्रकरण आठवा. २०२२मध्ये काही अनोळखी खात्यांनी ‘पॅच पडून आहेत, दुसऱ्याला हक्क द्या’ असा त्याच्या थकलेल्या मेंटेनरवर दबाव आणला, आणि मार्च २०२४मध्ये त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदार सापडलं. तिकिटांचा ढीग दाखवून कोणी घाई करत असेल तर कमिटचे हक्क देऊ नका. आधी तिकिटं सांभाळायला द्या, सहा महिने काम बघा.

आता तुमचे १८०. सगळी एका झटक्यात बंद करून ‘अजून असेल तर पुन्हा उघडा’ असं लिहायचा मोह होईल. करू नका. त्यातल्या प्रत्येकामागे कोणीतरी बसून लिहिलं आहे. जुन्यापासून सुरुवात करा, रोज वीस, नऊ दिवस. या फेरीत कोड लिहायचा नाही, फक्त वाचायचं आणि जात ठरवायची. काही बग आधीच सुटलेले निघतील, कुठल्या आवृत्तीत ते लिहून बंद करा. शंकांना उत्तर द्या, आणि तीच शंका तिसऱ्यांदा दिसली तर ते उत्तर रीडमीत हलवा. मागण्यांवर हो किंवा नाही लिहा, आणि खरोखर ठरत नसेल तर वरचा ‘आज ते काम कसं करता’ हा प्रश्न विचारून ठेवा. ज्यांना वर्ष उलटलं आहे त्यांना मी असं लिहितो: ‘उत्तर द्यायला फार उशीर झाला, माफ करा. हे तुम्हाला अजून अडतं का? अडत असेल तर आत्ताच्या आवृत्तीत एकदा करून पाहाल का?’ माझ्या वेळी जवळपास एक तृतीयांश लोकांनी उत्तर दिलं. त्यातल्या दोघांनी तोवर स्वतःच दुरुस्ती करून वापरायला घेतली होती. विचारल्यावर त्यांनी ती पुल रिक्वेस्ट (कोडमधला बदल स्वीकारण्याची विनंती) म्हणून पाठवून दिली.